चिनी म्हणी, इंग्रजी अर्थ आणि वाटेत हरवलेला इतिहास

१/ ‘एक चिनी म्हण आहे…’ अशी सुरुवात असलेले सुविचार आपण सर्वांनीच कधी ना कधी पुढे पाठवले आहेत. त्यांतील काही म्हणी चीनमध्ये जन्मलेल्याच नाहीत. ज्या खरोखर तिथल्या आहेत, त्यांचाही केवळ इंग्रजी अर्थ आपल्या हाती येतो. इतिहासप्रेमींनी त्या अर्थावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे या थ्रेडमध्ये. 🧵

२/ चिनी भाषेत ‘छंग-यू’ नावाचे वाक्प्रचार आहेत. बहुतेक चार अक्षरांचे. त्यांतील अनेकांमागे एखादा प्रसंग असतो. तो ठाऊक नसेल, तर चार अक्षरे वाचूनही अर्थ लागत नाही. अनेक प्रसंग सिमा च्येन या इतिहासकाराच्या ‘शीजी’ या ग्रंथात आढळतात.

३/ पहिले उदाहरण : ‘हरणाला घोडा म्हणणे’. इ.स.पू. २०७. छिन साम्राज्याचा प्रधान झाओ गाओ याने दरबारात हरीण आणले आणि सम्राटाला सांगितले, हा घोडा आहे. सम्राट हसला व त्याने दरबाऱ्यांना विचारले. काही गप्प राहिले, काहींनी ‘घोडा’ म्हटले, काहींनी ‘हरीण’. हरीण म्हणणाऱ्यांचा प्रधानाने पुढे काटा काढला.

४/ इंग्रजी कोश याचा अर्थ देतो : जाणूनबुजून विपर्यास करणे. अर्थ चुकीचा नाही, पण त्यातून दहशत गळून गेली. प्रधानाला कोणाला फसवायचे नव्हतेच. समोर हरीण दिसत असताना घोडा म्हणायला कोण तयार होतो, हे त्याला मोजायचे होते. त्याच वर्षी त्या सम्राटाला आत्महत्या करावी लागली.

५/ दुसरे : ‘हंडे फोडणे, नावा बुडवणे’. तेच वर्ष, जूलूची लढाई. छिन फौजेवर चालून जाताना श्यांग यूने नदी ओलांडली आणि नावा बुडवल्या, स्वयंपाकाचे हंडे फोडले. सैनिकांजवळ फक्त तीन दिवसांची शिधासामग्री ठेवली. जिंका, नाहीतर मरा. इंग्रजीत याचे ‘बोटी जाळणे’ होते आणि हंडे नाहीसे होतात.

६/ इथे आपल्याला ‘परतीचे दोर कापणे’ आठवते. १६७० च्या सिंहगडाच्या परंपरागत कथेत तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचे सांगितले. श्यांग यूचा डाव लढाईपूर्वी आखलेला. सूर्याजीचा निर्णय ऐन धुमश्चक्रीतला. इंग्रजी अर्थ मात्र दोहोंना एकच! ‘बोटी जाळणे’ एवढ्यावर सिंहगडाची बोळवण आपल्याला चालेल का?

७/ तिसरे : ‘सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला’. कथा इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ‘ह्वाईनानझी’ या ग्रंथातली. घोडा हरवला, तो उमदा घोडा सोबत घेऊन परतला. मुलगा घोड्यावरून पडून लंगडा झाला. म्हणून युद्धावर न जाता वाचला. इंग्रजीत याला ‘इष्टापत्ती’ या अर्थाचा शब्दप्रयोग देतात. पण म्हातारा लाभाच्या वेळीही तितकाच साशंक होता. कथेचा तो अर्धा भाग कोशाबाहेरच राहिला.

८/ आता तोतया म्हणी. ‘तू मोठ्या रंजक काळात जगशील’ हा ‘चिनी शाप’ रॉबर्ट केनेडी यांनी १९६६ साली केपटाउनच्या भाषणात सांगितला. त्याचे चिनी मूळ कोणालाही सापडलेले नाही. ‘एक चित्र दहा हजार शब्दांच्या तोडीचे’ हे वाक्य १९२७ साली फ्रेड बर्नार्ड या अमेरिकी जाहिरातदाराने चिनी म्हण म्हणून छापले. ‘चिनी’ म्हटले की वाक्याला आपोआप प्राचीनतेचे वजन येते, एवढाच त्यातला हिशेब.

९/ कोणी म्हणेल, शिकणाऱ्याला सुटसुटीत अर्थ नको का? अवश्य हवा, तो दार आहे, घर नव्हे. शिवाय मूळ कथाही जशीच्या तशी पुरावा मानू नये. सिमा च्येनने हरणाचा प्रसंग घडल्यावर सुमारे शंभर वर्षांनी लिहिले, तेही छिनचा पाडाव झाल्यावर सत्तेवर आलेल्या हान राजवटीत. एखाद्या समाजाने काय लक्षात ठेवले, हे म्हण सांगते. काय घडले, हे तपासावे लागते.

१०/ म्हणून विनंती एवढीच. पुढची ‘चिनी म्हण’ पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : कोणत्या ग्रंथातली? कोणत्या प्रसंगाची? ग्रंथ प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिला? आणि मराठीत आणायची असेल, तर इंग्रजी अर्थावरून न आणता कथेवरून आणा. हरणाला हरीण म्हणण्याची सवय इथूनच सुरू होते.

(समाप्त)