छेद आणि अंश

'रॅशनलायझेशन' हा शब्द मराठीत तीन वेशांत वावरतो. गणिताच्या वर्गात त्याचे नाव 'परिमेयीकरण'. गिरणीत आणि कचेरीत तो 'सुसूत्रीकरण' म्हणवितो. आणि मानसशास्त्रात त्याचा अर्थ होतो, आधीच करून चुकलेल्या गोष्टीसाठी मागाहून शोधलेले सोज्ज्वळ कारण. हा तिसरा अर्थ अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८ साली रूढ केला. पण 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणाऱ्या आमच्या आजीबाईंना तो त्यापूर्वीच पुरता ठाऊक होता.

शब्दांचा हा काथ्याकूट आम्ही विनाकारण करीत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराच्या माथी मारण्याचे योजिले, तेव्हा त्या योजनेचे नाव हेच होते. त्यावरून पेटलेला संप सुमारे सहा महिने चालला. आता हीच कल्पना शाळांच्या दाराशी येऊन ठेपली आहे. दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठविण्याचे राज्य शासनाने २०१७ मध्ये ठरविले. त्याला 'समायोजन' म्हटले गेले. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या.

सात मुलांची शाळा हे काही शिक्षणाचे आदर्श रूप नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. एकाच खोलीत चार इयत्ता, खेळावयास गडी नाही, चढाओढ नाही; अशा शाळेचा केवळ भावनेने कैवार घेण्यात अर्थ नाही. परंतु पट का घटतो, हेही पाहावयास नको काय? कुंडलिकेच्या तीरी जुन्या जालन्यात बसून हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. दिवाळी सरली की याच जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्यामागून जातात. बाके रिकामी होतात ती विद्येची गोडी नसल्यामुळे नव्हे.

आम्ही काही वर्षे शाळेत भाषा शिकविली. शेजारच्या वर्गातून गणिताच्या गुरुजींचे बजावणे ऐकू येई: 'छेदाला ज्याने गुणाल, त्यानेच अंशालाही गुणा, रूप बदलेल, किंमत बदलता कामा नये.' सुसूत्रीकरणाची याहून नेमकी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. शासनाच्या खर्चातून एक शाळा वजा होते, तेव्हा मुलाच्या पदरात काय पडते? पहिली ते पाचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ते अंतर वाढणार असेल, तर वाहन कोठे आहे? ओढ्यावर पूल आहे काय? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर उघडते काय? या प्रश्नांची उत्तरे आदेशातच लिहिलेली असतील, तर आम्ही त्या सुसूत्रीकरणाचे स्वागतच करू.

ती नसतील, तर मात्र हा शब्द आपला तिसरा वेश धारण करतो. निर्णय आधी झालेला असतो आणि मुलांच्या हिताचे कारण मागाहून येते. अशा निर्णयाचा भार शेवटी दप्तर पाठीवर घेऊन दूरची वाट तुडविणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीवर पडतो. शाळेला कुलूप लावण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी ती वाट एकदा, पावसाळ्यात, स्वतः चालून पाहावी.