घरची परिचर्या : कॉम ३ म्हणजे पेशंट नव्हे



इथे करामात आम्हा नवराबायकोंची रक्तदाबाची दोन जुनी यंत्रे आहेत, एकाच मेकची, नऊ पिनांच्या केबलची. नव्या लॅपटॉपला तसले भोक नसते, म्हणून मधे दोन यूएसबी कन्व्हर्टर. परवा नातवाने लॅपटॉप हलवला, केबली उलटसुलट लागल्या आणि आमचा १६०चा आकडा यजमानांच्या नावावर चढला. डॉक्टरांनी त्यांच्याच गोळ्या वाढवल्या असत्या की!

असे का होते बघा. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्यात सिरियल पोर्टांचे पत्ते ठरीव : कॉम १चा ३एफ८, कॉम २चा २एफ८. ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी बोलणारा दुभाष्या. तो त्या पत्त्यावर टकटक करणार, आतून उत्तर आले की सिस्टिमच्या वहीत नाव नोंदवणार. पण ते नाव दाराचे! दाराला कोण जोडलेय ते त्याला कळत नाही, कारण जुने यंत्र आपले नाव सांगतच नाही. आपल्या आडनावांसारखेच. पेणकर म्हटले की गाव कळले; शमुवेल की दाविद, ते विचारावेच लागते.

यूएसबीची वस्तू मात्र जोडताक्षणी कंपनीचा नि मॉडेलचा नंबर सांगते. सोबत स्वतःचा सिरियल नंबर असला तर विंडोज तिचा कॉम नंबर तिलाच ठेवते, कुठेही लावा. स्वस्तातल्या पुष्कळ कन्व्हर्टरांत तो नसतो, मग कॉम नंबर भोकाला चिकटतो. आणि ओळख पटली तरी ती कन्व्हर्टरची, मागच्या यंत्राची नाहीच.

वॉर्डात आम्हाला पहिल्याच वर्षी बजावले होते, खाटेच्या नंबरावर इंजेक्शन द्यायचे नाही, नाव विचारायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली सांगितले की निदान दोन खुणा तपासा, खोलीचा नंबर त्यात धरू नका. म्हणून आता यंत्र, केबल, कन्व्हर्टर आणि लॅपटॉपचे भोक, चारी ठिकाणी चिकटपट्टी : आमची लाल, यजमानांची निळी. शिवाय यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आधी वहीत, मग कॉम्प्युटरात.

मुलांनो, तुम्ही विंडोजमध्ये इंग्रजी सी-ओ-एन, ‘कॉन’ नावाचा फोल्डर करून बघा. होणार नाही! डॉसच्या काळापासून ते नाव कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखलेले आहे. कॉम १चेही तेच.