सूज आली की पाणी तोडायचे?



पाय सुजले की पाणी पिणे कमी करावे, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला सरसकट देण्याजोगा नाही. मूत्रपिंड हे एक कारण झाले. त्याची सूज बहुधा सकाळी डोळ्यांभोवतीही दिसते. आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर हृदय तपासावे लागते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांची सूज संध्याकाळी वाढते, रात्री उतरते.

नवल याचे वाटले, की पत्रात औषधांचा उल्लेखच नाही. रक्तदाबासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमवर अधिक. यात बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, म्हणून लघवीच्या गोळीचाही फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. (आपल्या मनाने बंद करणाऱ्यांचा रक्तदाब पुन्हा चढतो, ते वेगळेच.) गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकनेही मीठ-पाणी अंगात अडते.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि आमच्या पूर्व विदर्भात हत्तीरोग विसरून कसे चालेल? गोळ्या द्यायला दारात आलेल्यांना ‘मला कुठे सूज आहे?’ म्हणून परत पाठवणारे अजून भेटतात. सूज दिसण्याआधी या रोगाचे कृमी कित्येक वर्षे अंगात असू शकतात. गोळ्या त्यासाठीच वाटतात.

– एक वाचक, चंद्रपूर