विंचवाचे बिऱ्हाड

वसतिगृहातील माझ्या खोलीत भिंतीवर एका बसचे चित्र लावलेले आहे. बाहेरून ती साधी, जुनी शाळेची बस. आत मात्र पलंग, पुस्तकांची फळी, शेगडी आणि खिडकीत एक कुंडी. अमेरिकेत अशा मोडीत निघालेल्या बसगाड्या घेऊन त्यांचे घर करणारी माणसे पुष्कळ आहेत. १९६४ साली केन केसी हा कादंबरीकार १९३९ सालची एक बस रंगवून मित्रांसह कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेला आणि रंगीत बस हे स्वातंत्र्याचे चिन्हच होऊन बसले. पदवी पदरात पडली की आपणही असेच हिंडायचे, असा माझा बेत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तो मी वडिलांना सांगितला. ते एस.टी.च्या आगारात मेकॅनिक आहेत. वाटले, हसतील. पण त्यांनी हिशेबच मांडला. बाके काढायची, गंजलेला पत्रा खरवडायचा, छप्पर उन्हाने तापते म्हणून आतून अस्तर लावायचे, पाण्याची टाकी जड म्हणून ती ॲक्सलजवळ बसवायची, शिवाय आर.टी.ओ.ची परवानगी. मग म्हणाले, "गाडी होईल रे. पण रात्री उभी कुठं करशील?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली. इंग्लंडमध्येही कित्येक तरुणांनी जुन्या बसमध्ये संसार थाटले होते. १ जून १९८५ रोजी स्टोनहेंजच्या जत्रेला निघालेला त्यांचा तांडा पोलिसांनी वाटेत अडवला, गाड्यांच्या काचा फोडल्या, पाचशेहून अधिक जणांना अटक केली. पुढे १९९४ च्या कायद्याने भटक्यांसाठी तळ पुरवण्याचे स्थानिक संस्थांवरील बंधनही काढून टाकले. चाकांवरच्या घराचे दुखणे चालण्यात नाही, थांबण्यात आहे.

हे कळायला इंग्लंड कशाला हवे? आमच्या गावच्या गायरानात दरवर्षी सुगीनंतर पाले पडत. त्यातला एक मुलगा चौथीत माझ्याशेजारी बसे. एके दिवशी तो आला नाही. गावाने पाले उठवली होती. गुरुजी पुढे महिनाभर हजेरीत त्याचे नाव पुकारत होते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्यातून पुसला गेला. गावाच्या नजरेतून गेला का?

मित्र म्हणतो, "हौस आणि नाइलाज एका तराजूत का घालतोस?" मी घालत नाही, तो तराजू आपणच धरला आहे. २०२१ साली आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात हौशी प्रवाशांच्या गाड्यांसाठी पाणी, वीज असलेले तळ आहेत. चांगलेच आहे. भटक्यांसाठी मुक्त वसाहत योजनाही आहे, पण ती कायमचे स्थिरावू पाहणाऱ्यांसाठी. महिनाभर मुक्कामाला येणाऱ्या पालाला मात्र नळ कोण देणार? त्यातल्या पोराला शाळा कोण देणार?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण गमतीने म्हणतो. विंचू दिसला की आपण काय करतो, ते मात्र सांगत नाही.

बसचे चित्र मी भिंतीवरून काढलेले नाही. बस करीनही. पण माझ्या गाडीला जिथे तळ मिळेल, तिथे शेजारी पालालाही जागा हवी. तोपर्यंत त्या बसला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.