नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

दिवाळीत बुऱ्हाणपूरला गेलो, तेव्हा बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, "अरे, दोनदा मोजलं, १२८/८०. नॉर्मल आहे, मग गोळी कशाला? आता सर्पगंधाचं चूर्ण घेतो. जडीबुटीच ती, अपाय नाही."

खरं कारण दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. संध्याकाळी घोटे सुजायचे, चप्पल घट्ट व्हायची. बाबा कुणाला बोलले नव्हते.

गोळी अॅम्लोडिपिनची होती. ती रक्तवाहिन्या सैल करते, आणि घोट्यांची सूज हा तिचा नेहमीचा त्रास आहे. १२८ हा आकडा तिच्याचमुळे आला होता. सर्व्हर तापत नाही म्हणून त्याचा पंखा काढून टाकावा, तसंच हे झालं. सकाळी घरी मोजलं तर १६४/९८, आणि बाबांना काहीच जाणवत नव्हतं! दुखत नाही, हीच या आजाराची अडचण.

सर्पगंधावर मात्र मी लगेच हसलो नाही, कारण ती खरंच औषध आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचे तिचे प्रयोग १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्याच रेसर्पिनने नाक चोंदणं, नाडी मंदावणं, काहींना उदासी येणं अशा तक्रारीही पुढे आल्या. नंतर बरी औषधं आली आणि ते मागे पडलं. जे रक्तदाब उतरवू शकतं, ते अपायही करू शकतं. चूर्णाच्या चमच्यात औषध किती, हे तर कुणालाच माहीत नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. "वकील मुंबईचेच ना?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि डॉक्टरांकडे यायला तयार झाले. घोट्यांचं ऐकल्यावर डॉक्टर रागावले नाहीत. चूर्ण बंद केलं, गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि काही आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासायला सांगितलं. पाच मिनिटांचं काम होतं!

तुमचे आईबाबा गावी असतील तर "गोळी घेता ना?" एवढंच विचारू नका, तिचा काही त्रास होतो का तेही विचारा.

आता दर रविवारी बाबांचा आकडा फॅमिली ग्रुपवर येतो. आदल्या रात्री दराबा किती खाल्ला, ते आई कळवते.