विश्लेषण : इथेनॉलचा चोथा जनावरांना स्वस्त पडतो का?

पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मक्यापासून इथेनॉल बनते आणि उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून बाजारात येतो. ‘डीडीजीएस’ नावाने विकला जाणारा हा माल सरकी ढेपेपेक्षा स्वस्त दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात दोन-चार गायी-म्हशी सांभाळणाऱ्याला तो खरोखर परवडतो का? उत्तर पोत्यावरच्या भावात नाही, पोत्यातल्या मालात आहे.

डीडीजीएस म्हणजे काय?

मक्यात सुमारे दोन तृतीयांश स्टार्च असतो. यीस्ट त्याचे इथेनॉल करते. प्रथिने, तेल, तंतू आणि क्षार मागे राहतात. एक टन मक्यापासून साधारण ३७० ते ३८० लिटर इथेनॉल आणि सुमारे ३०० किलो वाळवलेला चोथा मिळतो. मूळ धान्याचा तिसरा भागच उरत असल्याने त्यातील प्रत्येक घटक जवळपास तिप्पट होतो. मक्यात ९ टक्के प्रथिने असतील, तर चोथ्यात ती २७ टक्क्यांच्या आसपास जातात.

साखर कारखान्यातून हा माल का मिळत नाही?

जिल्ह्यात पुरुषोत्तमनगर आणि डोकारे येथे साखर कारखाने आहेत. मात्र उसाच्या मळीपासून इथेनॉल काढल्यावर ‘स्पेंट वॉश’ उरतो. तो जनावरांचे खाद्य नव्हे. तो जाळून त्याच्या राखेतून पोटॅश खत मिळवले जाते. उसाचे वाढे जनावरांना चालते, पण ते इथेनॉलचे नव्हे, तोडणीचे उपउत्पादन आहे. डीडीजीएस फक्त धान्यापासून मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि पाठोपाठ सरकारी तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. त्यानंतर मक्याकडे ओढा वाढला आणि त्याबरोबर चोथाही.

हिशेब कसा मांडायचा?

प्रथिनांच्या किलोने. समजा, डीडीजीएस १६ रुपये किलो आणि त्यात २७ टक्के प्रथिने आहेत. म्हणजे एक किलो प्रथिन ५९ रुपयांना पडले. सोयापेंड ३८ रुपये आणि प्रथिने ४६ टक्के असतील, तर ८३ रुपये. सरकी ढेप ३४ रुपये आणि प्रथिने २२ टक्के धरल्यास १५५ रुपये. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून गणित पुन्हा करावे. शिवाय सरकीत तेलही असते, त्यामुळे ढेप पूर्ण बंद करणे हा या आकड्यांचा अर्थ नव्हे.

ओला चोथा घ्यावा का?

वाळवण्याचा खर्च नसल्याने ओला चोथा स्वस्त मिळतो. पण त्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. समजा ओला चोथा ५ रुपये किलो आहे आणि त्यात ७० टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा अंश १६ रुपये ६७ पैसे किलोने पडतो. वाळवलेल्या मालात १० टक्के ओलावा धरला, तर १६ रुपयांच्या भावाने कोरडा अंश १७ रुपये ७८ पैसे पडतो. इथवर ओला माल सरस. आता किलोमागे दीड रुपया गाडीभाडे लावा. ओला २१ रुपये ६७ पैसे, वाळवलेला १९ रुपये ४४ पैसे. कारण ओल्या मालात आपण पाण्याचे भाडे भरतो. उन्हाळ्यात तो काही दिवसांतच आंबतो आणि बुरशी धरतो. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये मांसासाठी गुरे पोसणारे मोठे गोठे इथेनॉल कारखान्यांजवळच आहेत, म्हणून तिथे ओला माल परवडतो. आपल्याकडे व्यवसाय दुधाचा आणि गोठे विखुरलेले. कारखाना लांब असेल, तर कोरीटच्या गोठ्यासाठी वाळवलेलाच माल व्यवहार्य.

धोका कुठे आहे?

तिप्पट होण्याच्या नियमातून विषही सुटत नाही. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन इथेनॉलमध्ये जात नाही, चोथ्यात साठते. मक्यात ते १० पीपीबी असेल, तर चोथ्यात ३० च्या आसपास होते. पशुखाद्यासाठी भारतीय मानकातील मर्यादा २० पीपीबी आहे. पुढे हे विष दुधात उतरते आणि ते दूध घरातील लेकरेही पितात.

दुसरा धोका थेट खिशाला. चोथ्यातील तेल जादा झाले की दुधाची फॅट उतरू शकते, आणि डेअरीत दर फॅट-एसएनएफवरच ठरतो. त्यामुळे एकूण कोरड्या आहाराच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त डीडीजीएस देऊ नये. सुरुवात थोड्यापासून करावी, कडबा-कुट्टी कमी करू नये. चोथ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी असते, म्हणून खनिज मिश्रणही हवे.

मग फायदा कोणाचा?

शेतकरी एकाच वेळी मका विकतो, सोयाबीन विकतो आणि पेंड विकत घेतो. इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक मिळाले. पण स्वस्त चोथ्यामुळे सोयापेंडेची मागणी घटली आणि सोयाबीनच्या भावावर दबाव आला. एका खिशात आलेले दुसऱ्या खिशातून जाऊ शकते. किमान गोठ्यातला फायदा तरी पक्का व्हायचा असेल, तर प्रथिने, ओलावा आणि अफ्लाटॉक्सिन हे तीन आकडे प्रत्येक पोत्यावर छापलेले हवेत. दोन गायींचा मालक प्रयोगशाळेत नमुना पाठवू शकत नाही. दूध संस्थांनी एकत्र खरेदी करून प्रत्येक खेपेची तपासणी करून घ्यावी. तोवर दुकानदाराला भाव विचारण्याआधी तपासणी अहवाल मागावा. अहवाल नसेल, तर स्वस्त पोते घरी न आणलेलेच बरे.