साठ दिवस देतो, एकसष्टावा आमचा

कोल्हापूर महापालिकेचे आयुक्त, नगररचना विभाग, ४२ गावांचं प्राधिकरण आणि मंत्रालयातला नगरविकास विभाग, यांनी हे नीट वाचावं. विनंतीअर्ज पुष्कळ झाले. हा इशारा आहे.

बांधकाम परवानगीसाठी आम्ही पैसे भरतो. छाननी शुल्क, विकास शुल्क, वाढीव चटई क्षेत्राचा प्रीमियम, वर कामगार उपकराचा एक टक्का. चलन हातात पडलं की भरतो, कारण न भरल्यास फाइल हलत नाही. भरल्यावरही हलत नाही, हे दुखणं. छाननी शुल्क म्हणजे नकाशा तपासण्याची मजुरी. तपासायला टेबलामागे माणूसच नसेल, तर मजुरी कशाची घेता?

जकात गेली, एलबीटी गेली. तेव्हापासून तिजोरीत खडखडाट झाला की नजर नगररचनेच्या जमेकडे वळते. विभागाला वसुलीचं उद्दिष्ट मिळतं. किती परवानग्या किती दिवसांत द्यायच्या, याचं उद्दिष्ट आम्ही तरी फलकावर पाहिलेलं नाही. विकास शुल्काचं प्रकरण १९९२ साली नगररचना कायद्यात घातलं, तेव्हाच हा पैसा वेगळ्या निधीत ठेवायचा आणि सार्वजनिक सोयींसाठीच वापरायचा, असं ठरलं होतं. त्या निधीची जमा आणि खर्च वर्षवार दाखवा. ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ हे उत्तर आता चालणार नाही.

कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण तुम्ही खुलासा मागितला, तर ते दिवस आमचं उत्तर आल्यापासून मोजले जातात. म्हणून पंचावन्नाव्या दिवशी एक त्रुटी निघते, ती पुरी केली की दुसरी. सातबारा जुना आहे, मोजणी नकाशावर शिक्का पुसट आहे. हा खेळ गल्लीतल्या पोरालाही कळतो. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात काढायला काय हरकत आहे?

प्राधिकरणाची कथा तर आणखी केविलवाणी. हद्दवाढीचा वाद शमवायला २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतली ४२ गावं त्याच्याकडे दिली. माणसं आणि निधी द्यायचं शासन विसरलं. पाटी लावली म्हणजे प्राधिकरण झालं, अशी मुंबईची समजूत दिसते. गावातल्या माणसाने घरासाठी शहरात खेटे घालायचे आणि रस्ता-गटारासाठी पुन्हा ग्रामपंचायतीकडेच हात पसरायचे.

याची किंमत आम्ही पाण्यात उभं राहून मोजली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या दहा फुटांहून वर गेली. निळी रेषा, लाल रेषा कागदावर आखून पूर अडत नाही. जागेवर जाऊन जोता तपासणारा अभियंता लागतो. २०२० च्या एकात्मिक नियमावलीने छोट्या भूखंडांना तर शुल्काच्या पावतीवरच बांधकामाची मुभा दिली. सोय चांगली आहे. पण मग पाहणीला माणसं जास्त हवीत, कमी नव्हे.

आम्ही फुकटे नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून घरमालकाच्या अर्जाची फी २५८ पौंडांवरून ५२८ वर नेली. नगरनियोजन खात्यांचा खर्च फीतून भागत नाही, हे तिथल्या सरकारने उघड सांगितलं. इथेही वाढ सोसू. मात्र छाननीचा रुपया आधी छाननीच्या टेबलावर गेला पाहिजे. तोवर एक पैशाचीही वाढ मान्य नाही.

आणि आपल्याच लोकांनाही सांगून ठेवतो. गुंठा-गुंठा पाडून विकणारे आणि ‘साहेबांचं मी बघतो’ म्हणणारे एजंट या लढ्यात आमच्या शेजारी उभे राहणार नाहीत. पूररेषेतली बांधकामं नियमित करा, ही मागणी आमची नाही.

आजपासून ६० दिवस. तेवढ्यात रिक्त पदांची यादी आणि भरतीची तारीख जाहीर करा. प्रत्येक फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे, ते दर सोमवारी लावा. शुल्काचा हिशेब छापा. प्राधिकरणाला स्वतःचा अभियंतावर्ग द्या.

नाही केलंत, तर एकसष्टाव्या दिवशी अडकलेल्या प्रत्येक फाइलचा मालक नकाशाची गुंडाळी घेऊन महापालिका चौकात येईल. टोलनाके या शहराने कसे उठवले, ते तुमच्या आधीच्या साहेबांना विचारा. त्याच दिवशी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली, जिथे जिथे तो लागू पडतो, तिथे एकेक अपील दाखल होईल; त्यातला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. विकास निधीचा प्रश्न सर्किट बेंचपुढे नेऊ. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाची पायरी चढायला आम्हाला मुंबईची गाडी धरावी लागत नाही.